बाटलीला भोक पाडण्यापूर्वी

अभियांत्रिकी हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे धरण उभे राहते, रेल्वेचा पूल उभा राहतो, नाहीतर जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील लोखंडी सळयांचे कारखाने उभे राहतात. शाळेतल्या पोरांचा या विद्येशी काय संबंध, असेही पुष्कळांच्या मनात येते. परंतु जवळ असलेल्या सामानातून, ठरल्या वेळात आणि ठरल्या खर्चात, माणसाची नड भागेल अशी वस्तू आधी मनात योजावयाची आणि मग हाताने घडवावयाची, एवढाच या विद्येचा गाभा आहे.

या अर्थाने पाहिले तर आपल्या गावचा सुतार तिफण करीत असे, तेव्हा तो अभियांत्रिकीच करीत असे. दोन फणांमध्ये अंतर किती ठेवावयाचे, हे पिकावरून ठरे. चाड्यातून सुटलेले बी तिन्ही नळ्यांत सारखे वाटले गेले पाहिजे. फण ओलीपर्यंत पोचला पाहिजे, म्हणून तिफणीला वजन हवे. पण ती बैलांना दिवसभर ओढता आली पाहिजे, म्हणून वजन नको. एकमेकांच्या विरुद्ध जाणाऱ्या या दोन मागण्यांतून सुतार आपल्या गावच्या जमिनीला मानवेल असा मध्य काढी. आज पुष्कळ पेरण्या ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने होतात, पण हा मध्य काढण्याचे काम काही चुकलेले नाही. ते आता कारखान्यात बसलेला कोणीतरी करतो, इतकेच.

असा एखादा रचनेचा प्रश्न शाळकरी मुलांपुढे ठेवला, तर मुले त्याला कशी भिडतात? कोठे अडखळतात? आणि आपण शिक्षकांनी व पालकांनी कोठे हात द्यावा, कोठे हात मागे घ्यावा? आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे ते याविषयी.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक प्रश्नच समोर ठेवतो. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक शाळांना तो ओळखीचा आहे. पावसाळ्यात शाळेच्या आवारात मोठ्या हौसेने रोपे लावली जातात. पुढे सुट्ट्या लागतात, शाळेला कुलूप पडते, आणि परत येऊन पाहावे तो निम्मी रोपे वाळलेली असतात. तेव्हा मुलांना सांगावयाचे, 'चार दिवसांची सुट्टी आहे. पाणी घालावयास कोणी येणार नाही. प्रत्येक रोपासाठी एक लिटर पाणी मिळेल. टाकून दिलेल्या बाटल्या, मडकी, चिंध्या, सुतळी, जे मिळेल ते घ्या. आणि रोप जगेल अशी काही योजना करा.'

जालना जिल्ह्यातील एका शाळेत नववीच्या वर्गापुढे मी हा प्रश्न ठेवला होता. वाक्य पुरते संपण्यापूर्वीच चार-पाच हात वर झाले. 'सर, बाटलीला भोक पाडायचं!' लगेच खिळा आला, बाटली आली, आणि दहा मिनिटांत अर्धा वर्ग भोके पाडू लागला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातला हा प्रकार. उत्साह उत्तम होता, पण एक लिटर पाणी चार दिवस पुरवावयाचे तर ते किती हळू सोडावे लागेल, याचा हिशोब कोणीच केला नव्हता.

तो हिशोब सोपा आहे. पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब पडू लागला तर मिनिटाला ३ मिलिलिटर आणि तासाला १८० मिलिलिटर पाणी जाते. म्हणजे सकाळी सात वाजता भरून ठेवलेली बाटली दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास कोरडी! चार दिवसांचे तास झाले ९६. एक लिटर तितके तास पुरावयाचे तर तासाला सुमारे १० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम तीन-चार थेंब पडावयास हवेत. खिळ्याच्या भोकातून असे मोजके थेंब पडणे कठीण. हे गणित नववीच्या मुलांना येत नव्हते असे मुळीच नाही. गणिताच्या तासाला त्यांनी ते चुटकीसरशी सोडविले असते. ते इथे वापरावयाचे असते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

पहिली सुचली ती युक्ती घट्ट धरून ठेवणे, ही नवशिक्याची पहिली खूण आहे. ती आपल्याच मुलांत दिसते असे समजू नका. डेव्हिड क्रिस्मंड आणि रॉबिन ॲडम्स या दोन अमेरिकन अभ्यासकांनी अशा विषयांवरील पुष्कळसे संशोधन एकत्र करून २०१२ साली एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. नवशिका आणि जाणता यांच्या वागण्यातील नऊ फरक त्यांनी मांडले आहेत. नवशिका प्रश्न समजून घेण्याआधी सोडवू लागतो. जाणता प्रश्नाभोवती एक फेरी मारतो. नवशिक्याला एकच कल्पना सुचते आणि तो तिला चिकटून राहतो; जाणता चार कल्पना समोर मांडतो. नवशिका प्रत्येक पर्यायाची एकच बाजू पाहतो. जाणता फायदा आणि तोटा दोन्ही तोलतो. उरलेले फरकही याच जातीचे आहेत.

त्याआधी २००७ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सिंथिया ॲटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मौजेची तुलना प्रसिद्ध केली होती. अभियांत्रिकीचे ५० विद्यार्थी आणि प्रत्यक्ष व्यवसायातले १९ अनुभवी अभियंते यांना त्यांनी एकच काम दिले: वस्तीतील मुलांसाठी खेळाचे मैदान योजा. वेळ तीन तासांपर्यंत. एखाद्याला वाटेल की अनुभवी माणसे काम लवकर उरकतील. प्रत्यक्षात त्यांनीच जास्त वेळ घेतला. प्रश्न समजून घेण्यात त्यांनी अधिक वेळ घालविला आणि माहितीही अधिक विचारली. तेव्हा जो मुलगा खिळा उचलण्याऐवजी प्रश्न विचारीत बसतो त्याला मंद म्हणण्याची घाई आपण करू नये.

आमच्या त्या वर्गातही असे प्रश्न आले, पण कोणाकडून? मागच्या बाकावरच्या एका मुलीने हळूच विचारले, 'सर, रोपाला रोज पाणी लागतं तरी किती?' आणि घरी शेळ्या राखणारा एक मुलगा म्हणाला, 'सर, सुट्टीत आवारात शेळ्या येतात. बाटलीला सुतळी बांधली तर त्या सुतळीसकट रोप ओढून नेतील.' वर्ग हसला. पण सबंध तासात प्रश्नाच्या मुळाशी गेलेली वाक्ये होती ती ही दोनच. आणि ही दोन्ही मुले परीक्षेच्या यादीत बरीच खाली होती. मुलगी घरी पाणी भरत होती, मुलगा रानात जात होता. त्यांना जे ठाऊक होते ते शाळेत कधी कोणी विचारले नव्हते. आपल्या गावांतील कितीतरी मुले अशी स्वतःला 'ढ' समजून शाळेबाहेर पडतात. माझ्या मते या विषयाचे खरे महत्त्व इथे आहे. रचनेचा प्रश्न वर्गात आला म्हणजे रानातली, चुलीपुढची आणि पाणवठ्यावरची माहिती प्रथमच कामाची ठरते, आणि तिच्या धन्याला वर्गात मान मिळतो.

प्रश्न नीट विचारला की उत्तराची दिशाच बदलते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या. टँकरने पाणी आणून झाडे जगविण्याची धडपड लोकांनी केली, ती आपण पाहिलेली आहे. जालना तालुक्यातील कडवंची या गावाने त्याच्या कितीतरी आधी, नव्वदीच्या दशकापासून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने पाणलोटाचे काम हाती घेतले होते. बाहेरून पाणी कोठून आणावे, या प्रश्नापाशी ते थांबले नाहीत. आपल्या शिवारात पडलेला पाऊस जातो कोठे, हे त्यांनी पाहिले. मग बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी झाली, आणि त्या कोरड्या मुलखात द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. पाऊस तोच होता, प्रश्न मात्र दुसरा होता.

रोपांच्या बाबतीतही तसेच आहे. 'पाणी कसे सोडावे' इतकाच प्रश्न धरला तर बाटलीच सुचते. 'रोपापाशी ओल कशी टिकेल' असा प्रश्न केला की आळे करणे, पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे, दुपारच्या उन्हाच्या बाजूला कुडाचा आडोसा करणे, हेही सुचू लागते. मग पाणी पुरविण्याच्या रीतीही वाढतात. भाजलेले साधे मातीचे मडके रोपाशेजारी पुरून वर झाकण ठेवले की पाणी हळूहळू पाझरते. मडके रंगविलेले असेल तर मात्र पाझरणार नाही. सुती वातीचे एक टोक पाण्यात आणि दुसरे मातीत ठेवले तर समईत तेल चढते तसे पाणी वातीतून चढते. सलाईनच्या नळीला असलेल्या चक्रीने थेंब कमी-जास्त करता येतात. मात्र ती नळी कोरी घ्यावी. दवाखान्यात वापरलेली नळी मुलांच्या हाती कधीही देऊ नये.

आता काम सुरू झाल्यावर काय होते ते पाहू. एका मुलाने बाटलीच्या तळाशी बारीक भोक पाडले, पाणी भरले, टोपण घट्ट बसविले. दोन-चार थेंब पडले आणि बंद! त्याने भोक मोठे केले. तरी फारसा फरक पडेना. मग 'बाटलीच खराब आहे' म्हणून त्याने दुसरी आणली. नाचता येईना अंगण वाकडे, तसे झाले. शेवटी चिडून त्याने टोपण काढले आणि सगळे पाणी भसाभस वाहून गेले. पाणी बाहेर पडावयाचे तर त्याची जागा घ्यावयास वरून हवा आत शिरली पाहिजे, आणि ती वाट टोपणाने बंद केली होती. हवेला वजन असते, दाब असतो, हे सातवी-आठवीच्या पुस्तकात त्याने वाचलेले होते. या वेळी शिक्षकाने 'टोपणाला भोक पाड' असे सांगून टाकले तर बाटली चालू होईल, पण विचार थांबेल. 'टोपण होते तेव्हा काय झाले? काढल्यावर काय झाले? दोहोंत बदलले काय?' एवढेच विचारावे आणि गप्प राहावे. गप्प राहणे हे आपणा शिक्षकांना सर्वांत अवघड जाते, याची मला जाणीव आहे.

चाचणी घेण्यातही मुलांची एक ठरलेली रीत असते. थेंब पडू लागला की 'झालं!' असे म्हणून ती हात झाडून मोकळी होतात. खरी परीक्षा पुढेच असते. बाटलीतील पाण्याची पातळी उतरत जाते तसा भोकावरचा दाब कमी होतो आणि थेंब मंदावतात. म्हणजे पहिल्या तासाला मोजलेले थेंब दहाव्या तासाला राहत नाहीत. आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार असले तर बारीक भोक काही दिवसांनी बुजते. दुसरी चूक म्हणजे एका वेळी दोन गोष्टी बदलणे. भोकही बारीक केले आणि बाटलीही उंच टांगली, तर फरक कशाने पडला ते कसे कळणार? जालना ही बियाण्यांची पेठ आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथेच महिको कंपनी सुरू केली. नवा वाण शेतकऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तो जुन्या वाणाशेजारी, तशाच जमिनीत, तेच खतपाणी देऊन पुनःपुन्हा पेरून पाहावा लागतो, हे येथल्या शेतकऱ्याला सांगावयास नको. तोच नियम बाटलीलाही लागू आहे. एक बाटली जशीच्या तशी ठेवावी, दुसरीत एकच बदल करावा, आणि एक रोप काहीही न करता तसेच सोडावे.

चित्र काढण्याचीही गोष्ट अशीच आहे. आपली मुले वस्तू आधी करतात आणि सरांनी मागितले म्हणून चित्र नंतर काढतात. त्या चित्रात सूर्य असतो, फुले असतात, पण भोक किती उंचीवर आहे ते नसते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला, स्वाती मेहरोत्रा आणि रितेश खुन्याकरी यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात सहावीच्या मुलांबरोबर काम केले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शहरातील इंग्रजी माध्यमाची, शहरातील मराठी माध्यमाची आणि ग्रामीण भागातील मराठी माध्यमाची, अशी तिन्ही प्रकारची मुले त्यांनी घेतली. पिशवी तयार करणे, वजन उचलणारी पवनचक्कीची प्रतिकृती करणे आणि बाहुली तयार करणे, अशी कामे गटांना दिली. मुलांनी आधी आराखडा काढावयाचा, सामानाची यादी करावयाची, कामाचा क्रम लिहावयाचा, तो बेत वर्गापुढे मांडून इतरांच्या शंका ऐकावयाच्या, मग वस्तू करावयाची, आणि शेवटी आपली व दुसऱ्यांची वस्तू पारखावयाची. हा क्रम आपल्या कोणत्याही शाळेत चालण्यासारखा आहे. त्याला कागद, पेन्सिल आणि थोडा धीर लागतो.

आपण म्हणाल, मुले अशी घाई का करतात? माझ्या मते दोष मुलांच्या बुद्धीत नाही. आपण त्यांना वर्षानुवर्षे एकच सवय लावलेली असते. प्रश्न आला की उत्तर एक, ते गाईडात छापलेले, आणि जो आधी हात वर करील तो हुशार. रोपांच्या प्रश्नाला असे उत्तर नाही. मडके चांगले, पण फुटते आणि पैसे पडतात. बाटली फुकट मिळते, पण उन्हाने कडक होऊन तडकते. वात स्वस्त, पण उन्हात तीच वाळते. प्रत्येक योजनेत काही मिळते आणि काही सोडावे लागते. हे सोडणे-धरणे शिकविण्यास आपल्या वेळापत्रकात जागा फारशी नाही.

जागा करण्याचे प्रयत्न मात्र झालेले आहेत. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीमची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. पुष्कळ शाळांतून त्याची पुढे कागदी फुले झाली, ही गोष्ट निराळी. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. गावाला खरोखर लागणारी कामे मुलांनी करावीत आणि करता करता शिकावे, ही त्यामागची दृष्टी. तेथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळांपर्यंत पोचला. अलीकडे, २०१६ पासून, अटल टिंकरिंग लॅब देशभरच्या शाळांतून निघाल्या आहेत. त्यांत विजेची उपकरणे आहेत, वस्तू छापून काढणारी यंत्रेही आहेत. ज्या शाळेला ती मिळाली तिने ती जरूर वापरावीत. पण पहिली सुचलेली युक्ती यंत्राने छापली म्हणून ती चांगली होत नाही. आणि ज्या शाळेला यंत्र मिळाले नाही तिचे खिळा, बाटली आणि वातीवाचून काहीही अडत नाही.

आता, शिक्षक बंधूंनो आणि भगिनींनो, साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास आणि डोक्यावर परीक्षा, या अडचणी मला ठाऊक आहेत. म्हणून थोडेच सुचवितो. महिन्यातून एका शनिवारी दोन तास जोडून घ्यावेत. पाच-पाच मुलांचे गट करावेत. पहिली वीस मिनिटे कोणी सामानाला हात लावावयाचा नाही. त्या वेळात प्रत्येक गटाने निदान पाच प्रश्न लिहावेत आणि तीन वेगवेगळ्या योजना काढाव्यात. पहिली योजना सगळ्यांची सारखी असते. तिसरी पाहण्यासारखी असते. यशाची खूण आधीच ठरवावी. उदाहरणार्थ, पाचव्या दिवशी सकाळी रोपापाशी बोटभर खोल माती ओलसर लागली पाहिजे. ही खूण फळ्यावर लिहून ठेवावी, म्हणजे नंतर वाद नको.

आणखी एक गोष्ट जपावी. गटात बहुधा मुलगे खिळा-हातोडी घेतात आणि मुलींच्या हाती वही येते. कोणी ठरवीत नाही, पण तसे घडते. दर खेपेला कामे फिरवावीत. ज्या मुलीने घरी शेकडो घागरी भरल्या आहेत तिच्या हाती बाटलीही असू द्या. आणि ज्याची योजना फसली त्याने ती कोठे व का फसली हे नीट लिहिले असेल, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. नाहीतर मुले फसलेली बाटली लपवितात आणि शेजारच्याची उचलून आणतात.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा घरी मोडकी सायकल, बंद पडलेला पंप किंवा जुना रेडिओ उघडून बसला तर 'अभ्यास सोडून हे काय?' असे एकदम म्हणू नका. विजेची तार काढलेली आहे ना, एवढे पाहा; आणि मग त्याला विचारा, 'तुला काय वाटतं, बिघाड कुठं असेल? आणखी कुठं असू शकेल?' या दुसऱ्या प्रश्नापाशी तो थोडा थांबेल. त्याला थांबू द्या.

पुढची जोडून सुट्टी येईल तेव्हा हा प्रयोग आपल्या शाळेत अवश्य करून पाहा. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी घंटा होण्याआधी मुले कोठे धावतात, तेही पाहा. ती आपापल्या रोपापाशी जातील, मातीत बोट घालतील, आणि शेजारच्या गटाचे रोप का टिकले यावर तावातावाने भांडतील. ते भांडण लवकर मिटवू नका. वही काढावयास सांगा आणि दोन्ही बाजू लिहून घ्या.